गादीला टाके घातले, तरी एमआरआयमध्ये फाट का दिसते?

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा 23 वर्षांचा भाचा पोलीस भरतीची तयारी करीत होता. पावसाळ्यात डवरणीच्या वेळी ओल्या काळ्या मातीत त्याचा पाय रुतला, पाऊल जागीच राहिले, शरीर फिरले आणि गुडघ्याची आतल्या बाजूची गादी, म्हणजे मीडियल मेनिस्कस, फाटली. 7 महिन्यांपूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तिला टाके घालण्यात आले. आज त्याचा गुडघा दुखत नाही, सुजत नाही आणि अडकतही नाही. धावणे सुरू करण्याआधी खात्री असावी म्हणून घरच्यांनी स्वतःहून एमआरआय करून घेतला. त्यात ‘मीडियल मेनिस्कसच्या मागच्या भागात खालच्या पृष्ठभागापर्यंत पोचणारा ग्रेड 3 सिग्नल, पुन्हा फाट असल्याची शक्यता’ असे लिहून आले. रिपोर्ट पाहून एका डॉक्टरांनी फाटलेला भाग काढून टाकण्याचा सल्ला दिला. शस्त्रक्रिया फसली का, आणि दुसरी करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. केवळ या रिपोर्टवरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही, आणि केवळ या रिपोर्टच्या आधारावर दुसरी शस्त्रक्रिया तर मुळीच करू नये. मात्र भाच्याला दुखत नाही म्हणजे गादी पूर्णपणे जुळून आली, असाही निष्कर्ष त्यातून निघत नाही. टाके घातलेल्या गादीचा एमआरआय आणि कधीही हात न लागलेल्या गादीचा एमआरआय हे वेगवेगळ्या नियमांनी वाचावे लागतात. या भागात गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया करताना हा गोंधळ मला वारंवार भेटतो, आणि त्यापायी चांगल्या जुळलेल्या गाद्या कापल्या जाण्याची वेळ येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गादी जुळते कशी, हे समजल्याशिवाय रिपोर्टमधील त्या पांढऱ्या रेषेचा अर्थ लागत नाही. गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी असतात. आतल्या बाजूची मोठी आणि पसरट, बाहेरच्या बाजूची जवळजवळ गोलाकार. त्यांना रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या काठाकडून होतो. 1982 साली अमेरिकेतील अर्नोस्की आणि वॉरेन यांनी रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य भरून दाखवले की मोठ्या माणसाच्या गादीच्या रुंदीपैकी काठाकडील साधारण 10 ते 30 टक्के भागातच रक्तवाहिन्या पोचतात. आतल्या निमुळत्या कडेला त्या नसतातच. म्हणून काठाजवळची उभी, लांबट फाट टाक्यांनी जुळण्याची शक्यता सर्वांत जास्त, मधल्या पट्ट्यातील फाटेची मध्यम आणि आतल्या कडेच्या फाटेची सर्वांत कमी. गादीला टाके घालण्याची कल्पनाही नवी नाही. एडिंबरा येथील शल्यचिकित्सक टॉमस ॲनंडेल यांनी 1883 साली गुडघा उघडून गादी शिवली होती, आणि दुर्बिणीतून ती पहिल्यांदा शिवण्याचे श्रेय टोकियोच्या हिरोशी इकेउची यांना, 1969 सालासाठी, दिले जाते. तरीही मधली अनेक दशके जगभर गादी फाटली की काढून टाकणे हाच रिवाज होता. त्याचे परिणाम काय झाले ते पुढे सांगतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी दुर्बिणीतून पाहिले तर जुन्या फाटेच्या दोन्ही कडा गुळगुळीत, पांढुरक्या आणि मिटलेल्या दिसतात. त्या तशाच एकमेकींना लावून टाके घातले तर आयुष्यभर जुळणार नाहीत. म्हणून आधी बारीक कानशीसारख्या हत्याराने दोन्ही कडा आणि शेजारचे अस्तर खरवडतो. पाण्याचा दाब क्षणभर कमी केला की खरवडलेल्या कडेवर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. ते दिसले की जुळण्याची सोय झाली असे समजून मग टाके घालतो. त्या रक्तातून आधी गुठळी, गुठळीतून रक्तवाहिन्यांनी भरलेली कोवळी ऊती आणि त्या ऊतीतून व्रण तयार होतो. कुत्र्यांवरील प्रयोगांत सुमारे 10 आठवड्यांत फाट अशा व्रणाने भरून आलेली आढळली. पण त्या व्रणाचे मूळ गादीसारख्या कूर्चेत रूपांतर व्हायला त्यानंतर कितीतरी महिने लागतात, आणि ते रूपांतर पूर्ण मूळच्यासारखे होईलच असेही नाही. थोडक्यात, जुळलेली गादी ही मूळ गादी नसते. ती व्रणाने सांधलेली गादी असते.

एमआरआयमध्ये नेमका हाच फरक उमटतो. निरोगी गादी घट्ट तंतूंची असल्यामुळे चित्रात काळीभोर त्रिकोणी दिसते. तिच्यात पांढरा ठिपका दिसला तर ग्रेड 1, पृष्ठभागापर्यंत न पोचणारी पांढरी रेषा दिसली तर ग्रेड 2, आणि रेषा वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागाला टेकली तर ग्रेड 3 म्हणतात. ज्या गुडघ्याला पूर्वी हात लागलेला नाही, तिथे ग्रेड 3 म्हणजे फाट, हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. मात्र टाके घालून जुळलेल्या जागी व्रणाची ऊती असते. तिच्यात पाण्याचे प्रमाण जास्त आणि तंतूंची मांडणी वेगळी असते, म्हणून ती पांढरीच दिसते. आणि मूळ फाट पृष्ठभागापर्यंत होती म्हणून व्रणही पृष्ठभागापर्यंत जातो. म्हणजे फाट उत्तम रीतीने भरून आली तरी व्याख्येनुसार सिग्नल ग्रेड 3 चाच राहतो. अर्नोस्की यांच्याच गटाने 1994 साली कुत्र्यांच्या गाद्यांत हे तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली फाट जुळलेली दिसत असतानाही एमआरआयवर ग्रेड 3 सिग्नल कायम होता. फ्रान्समधील पुजोल आणि बोफिस यांच्या गटाने टाके घातल्यानंतर 10 वर्षांनी रुग्णांचे एमआरआय केले, तेव्हाही गादीची स्थिती ठरवण्यासाठी ही तपासणी पुरेशी नाही, या निष्कर्षाला ते आले. 10 वर्षांनंतरही पुसला न जाणारा सिग्नल 7 महिन्यांनी दिसला, यात धक्का बसण्यासारखे काही नाही.

मग टाके घातलेल्या गुडघ्याचा एमआरआय निरुपयोगी आहे का? तसे नाही. त्यात काय शोधायचे, ते बदलते. अशी फिल्म हातात आली की मी आधी टी-2 पद्धतीची चित्रे काढतो, आणि बाजूने घेतलेल्या छेदांत गादीच्या मागच्या भागावर नजर ठेवून एकामागून एक छेद पाहतो. सांध्यात थोडे पाणी असतेच. ते टी-2 चित्रात लख्ख पांढरे दिसते. गादीतील रेषा तितकीच लख्ख असेल, तर त्या फटीत सांध्याचे पाणी शिरते आहे, म्हणजे ती जागा खरोखर उघडी आहे, असा संशय बळावतो. रेषा राखाडी, धूसर असेल आणि केवळ टी-1 किंवा प्रोटॉन डेन्सिटी या एमआरआयच्या दुसऱ्या पद्धतींच्या चित्रांतच उठून दिसत असेल, तर तो व्रण असण्याची शक्यता जास्त. दुसरी गोष्ट म्हणजे गादीचा तुकडा जागेवरून सरकून सांध्याच्या मधोमध आला आहे का. तिसरी म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी जिथे फाट नव्हती, तिथे नवी फाट दिसते का. या तीनपैकी एकही खूण असेल तर मी रिपोर्ट गंभीरपणे घेतो. भाच्याच्या रिपोर्टमध्ये या तिन्हींबद्दल एक शब्दही नाही. फक्त ग्रेड लिहिला आहे.

यात रेडिओलॉजिस्टचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा चिठ्ठीवर ‘गुडघ्याचा एमआरआय’ एवढेच लिहिलेले असते. पूर्वी टाके घातले आहेत, कोणत्या भागात घातले, किती घातले, हे सांगितलेलेच नसेल तर रिपोर्ट लिहिणारा नव्या गुडघ्याच्या नियमांनीच लिहिणार. म्हणून शस्त्रक्रियेचे टिपण, शक्य असल्यास दुर्बिणीचा व्हिडिओ आणि शस्त्रक्रियेपूर्वीची एमआरआयची फिल्म किंवा सीडी सोबत नेणे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे फिल्मची पिशवी धान्याच्या कोठीमागे पडून ओली होते किंवा डिस्चार्ज कार्ड हरवते, आणि मग जुन्या-नव्याची तुलनाच करता येत नाही. जुनी फिल्म समोर असेल तर जागा तीच आहे का, रेषा लांबली की आखडली, हे काही मिनिटांत कळते. मशीनचाही विचार करावा. काही केंद्रांत अजून 0.3 किंवा 0.4 टेस्लाची (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) उघडी मशीन आहेत. पहिल्या वेळची मोठी फाट त्यांवर दिसते, पण व्रण आणि उघडी फट यांतला बारीक फरक ठरवण्यासाठी किमान 1.5 टेस्लाचे मशीन असावे, असा माझा आग्रह असतो.

तरीही शंका उरली तर सांध्यात सुईने पातळ केलेले गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये उजळ दिसणारे औषध, सोडून एमआरआय करता येतो. औषध फटीत शिरले तर जागा उघडी आहे, काठावरच अडले तर बंद आहे, इतका तो तर्क सरळ आहे. शिरेतून गॅडोलिनियम देऊन केलेली तपासणी त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण शिरेतले औषध व्रणातील कोवळ्या रक्तवाहिन्यांतही पोचते आणि जुळलेली जागा पुन्हा उजळते. सांध्यात रंगद्रव्य सोडून सीटी स्कॅन करणे हाही चांगला मार्ग आहे. सीटीचे मशीन अनेक ठिकाणी असते, पण सांध्यात औषध सोडून तपासणी करण्याची सवय असलेले रेडिओलॉजिस्ट कमी आहेत, म्हणून यासाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. आपल्या भाच्याला आजच्या घडीला यातली कोणतीही तपासणी लागेल असे मला वाटत नाही.

आता ‘जुळली’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न. याचे माप सर्वत्र एक नाही, आणि आकडे वाचताना बहुतेकांची फसगत इथेच होते. अमेरिकी शल्यचिकित्सक हेनिंग यांच्या निकषांनुसार जुन्या फाटेच्या जागी गादीच्या जाडीच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी फट उरली असेल तर गादी पूर्ण जुळली, 50 टक्क्यांपर्यंत उरली असेल तर अपूर्ण जुळली, आणि त्याहून जास्त असेल तर जुळली नाही. पुजोल यांच्या गटाने 2008 साली 53 गाद्या शस्त्रक्रियेनंतर 6 महिन्यांनी सांध्यात रंगद्रव्य सोडून सीटीने तपासल्या. त्यांपैकी सुमारे 58 टक्के पूर्ण जुळल्या होत्या, सुमारे 24 टक्के अपूर्ण जुळल्या होत्या आणि बाकीच्या जुळल्या नव्हत्या. यशाचे माप ‘दुसरी शस्त्रक्रिया लागली नाही किंवा त्रास परत आला नाही’ असे धरले, तर आकडे यापेक्षा चांगले दिसतात. तिथेही काळ विचारात घ्यावा लागतो. 2012 साली नेपल आणि सहकाऱ्यांनी किमान 5 वर्षे पाठपुरावा असलेल्या अभ्यासांची एकत्र पाहणी केली, तेव्हा सुमारे 23 टक्के दुरुस्त्या पुढे अपयशी ठरल्याचे आढळले. त्याच गटाने 10 वर्षांनी आधुनिक तंत्रांपुरती पाहणी पुन्हा केली, तेव्हा हे प्रमाण 20 टक्क्यांच्या थोडे खाली होते. म्हणजे साधारण पाचातील चार गुडघे 5 वर्षांनंतरही चांगले असतात. मात्र ‘शंभर टक्के यश’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

या आकड्यांमधली जी दरी आहे, तिच्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. अपूर्ण जुळलेल्या गाद्यांपैकी पुष्कळ गुडघे त्रास देत नाहीत. फाटेचा काठाकडचा भाग भरून आला, आतला थोडा भाग उघडा राहिला, तरी गादी जागेवर पक्की असेल तर ती भार झेलते. अशा गुडघ्याच्या एमआरआयवर पांढरी रेषा दिसणारच, आणि त्या रेषेला कात्री लावण्याचे काहीही कारण नसते. चित्रातली फाट आणि माणसाचे दुखणे यांची गाठ किती सैल आहे, हे फ्रॅमिंगहॅम या अमेरिकी गावातील पाहणीने 2008 साली दाखवले. 50 ते 90 वयोगटातील 991 लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले, तेव्हा ज्यांच्या गाद्या फाटलेल्या आढळल्या त्यांपैकी 61 टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. ते लोक वयाने मोठे आणि शस्त्रक्रिया न झालेले होते, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा भाच्याला लावता येणार नाही. पण एमआरआयमधील रेषेवर उपचार ठरवू नयेत, एवढे त्यातून नक्की कळते.

फाटलेला भाग काढून टाकण्याच्या सल्ल्याबद्दल मी स्पष्ट बोलतो. पाय सरळ असताना सांध्यावरचा सुमारे अर्धा भार गाद्या झेलतात आणि गुडघा 90 अंशांत वाकवला की हा वाटा 85 टक्क्यांपर्यंत जातो. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये सांध्यातील अंतर कमी होणे, हाडाचा उंचवटा सपाट होणे आणि कडेला हाड वाढणे हे बदल 1948 साली फेअरबँक यांनी वर्णन केले. आज आपण त्यालाच झीज म्हणतो. 1986 साली बराट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत मोजले, तेव्हा आतली गादी पूर्ण काढल्यावर हाडांचा एकमेकांशी टेकणारा भाग सुमारे 75 टक्क्यांनी घटला आणि एका जागी पडणारा सर्वाधिक दाब सुमारे 235 टक्क्यांनी वाढला. थोडाच भाग काढला तेव्हा टेकणारा भाग फक्त 10 टक्क्यांनी घटला, तरीही दाब सुमारे 65 टक्क्यांनी वाढला. ज्या मुलाला पुढची 40 वर्षे याच गुडघ्यावर शेती किंवा नोकरी करायची आहे, त्याची जुळू पाहणारी गादी केवळ रिपोर्टपायी कापणे मला मान्य नाही. पाणी पुन्हा पुन्हा भरते आहे, गुडघा अडकतो आहे आणि तुकडा सरकला आहे, अशा वेळीच दुर्बीण पुन्हा टाकण्याचा विचार करावा; तेव्हाही आधी फाट पुन्हा शिवता येते का ते पाहावे आणि न जुळणारा तेवढाच तुकडा काढावा.

म्हणून निर्णय गुडघा तपासून व्हायला हवा. रुग्णाला पाठीवर झोपवून गुडघा वाकवला की दोन हाडांमधील सांध्याची रेषा अंगठ्याने चाचपता येते. गुडघ्याच्या आतल्या बाजूने अंगठा मागे सरकवत नेला आणि एका बोटभर जागेवर रुग्ण दरवेळी दचकला, तर त्या दचकण्याला मी रिपोर्टपेक्षा जास्त महत्त्व देतो. वाटीभोवती हाताने दाबून पाणी आहे का ते पाहतो. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीच्या आतल्या बाजूची खळगी भरलेली दिसते का, हे घरच्यांनीही रोज पाहावे. पाय पूर्ण सरळ होतो का, हे दोन्ही टाचा पलंगाबाहेर ठेवून, पालथे झोपवून पाहिले की एका बोटाचाही फरक दिसतो. पूर्ण सरळ न होणे ही वाईट खूण आहे. शेवटी गुडघा पूर्ण वाकवून, पाय आत-बाहेर फिरवत सरळ करतो. या मॅकमरे चाचणीत आत काही खटकले आणि त्याच वेळी दुखले, तर ती बाब लक्षात घेण्याजोगी असते. नुसता आवाज, दुखल्याशिवाय, असला तर चिंता नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या त्वचेवर बधिरपणा राहिला असेल, तर तो टाके घालताना तिथल्या बारीक नसेला लागलेल्या ताणाचा असतो. त्याचा गादी जुळण्याशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या टिपणातून पाहावी लागेल, ती म्हणजे एसीएल लिगामेंट, म्हणजे नडगीचे हाड पुढे सरकू न देणारा गुडघ्यातला दोर, शाबूत होते का. चिखलात पाय अडकून फिरण्याच्या अपघातात गादीबरोबर एसीएल तुटणे फार सामान्य आहे. एसीएल नवीन बसवताना हाडाला छिद्र पाडले जाते, मज्जेतले रक्त सांध्यात येते, आणि म्हणूनच अशा वेळी शिवलेली गादी एकट्या गादीपेक्षा चांगली जुळते, असे सर्वसाधारणपणे आढळते. उलट एसीएल तुटलेले तसेच सोडले आणि नुसती गादी शिवली, तर प्रत्येक वळणाला नडगीचे हाड पुढे सरकते आणि टाक्यांवर ताण येतो. लॅकमन चाचणीत, म्हणजे मांडी धरून नडगी पुढे ओढून पाहताना, हाड सैल वाटले तर भाच्याचा प्रश्न गादीचा उरत नाही, आणि धावण्याचा सगळा हिशेबच बदलतो.

याच ठिकाणी आमच्या भागातील एका वेगळ्या फाटेचा उल्लेख करणे मला गरजेचे वाटते, कारण तिचा एमआरआय वेगळ्या नियमाने वाचला जातो. रोवणीत, निंदणीत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्या 45 ते 60 वयाच्या बायकांना उठताना गुडघ्याच्या मागे एकदम ‘कट’ असा आवाज येतो आणि त्यानंतर चालणे अवघड होते. अशा वेळी आतल्या गादीचे मागचे मूळ हाडापासून उखडलेले असण्याची शक्यता मोठी असते. मूळ सुटले की गादी जागेवर असूनही भार झेलत नाही. 2008 साली अलेअर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवले की सांध्यावरचा दाब तेव्हा गादी पूर्ण काढल्याइतकाच वाढतो आणि मूळ पुन्हा हाडात ओवून बसवले की तो पूर्ववत होतो. अशा शस्त्रक्रियेनंतरच्या एमआरआयमध्ये पाहायचे असते ते मुळाची सलगता आणि गादी हाडाच्या कडेबाहेर किती सरकली आहे ते. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली गादी मूळ बसवल्यावरही पुष्कळदा पूर्ण आत येत नाही, पण त्या गुडघ्याचे दुखणे मात्र कमी होते. इथेही चित्र आणि रुग्ण यांची भाषा जुळत नाही. या वयात नुसती झिजलेली, आडवी फाटलेली गादी असेल तर तिला मी सहसा टाकेही घालत नाही आणि ती कापतही नाही. फिनलंडमधील 2013 सालच्या चाचणीत अशी गादी कापणे आणि नुसती दुर्बीण टाकून पाहून कापल्याचे भासवणे यांचा परिणाम सारखाच आला होता, आणि मांडीच्या व्यायामाने या रुग्णांना चांगला आराम पडतो.

आता भाच्याने पुढे काय करावे. शस्त्रक्रियेनंतर पहिले 4 ते 6 आठवडे कुबड्या आणि ब्रेस वापरणे, तेवढा काळ गुडघा 90 अंशांपलीकडे न वाकवणे, आणि किमान 4 महिने उकिडवे न बसणे, एवढे पथ्य झाले होते का, हे आधी त्याला विचारा. खेड्यात हे पथ्य कागदावर सोपे आणि घरात कठीण असते. शौचालय उकिडवे बसण्याचे, जेवण पाटावर, पाहुणा आला की मांडी घालून बसायचे. खोल वाकलेल्या गुडघ्यात गादीचा मागचा भाग, म्हणजे नेमका टाके घातलेला भाग, हाडांच्या मध्ये चिमटला जातो. म्हणून मी शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच घरच्यांना मध्ये कापलेली खुर्ची किंवा लोखंडी कमोडचे स्टँड आणायला लावतो, आणि ते आल्याशिवाय तारीख देत नाही. दुसरी अट खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, सोडण्याची. धूम्रपान करणाऱ्यांत गादीची दुरुस्ती अपयशी होण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे; खर्ऱ्यातही तोच निकोटीन असतो आणि तो बारीक रक्तवाहिन्या आवळतो, तर गादीचे जुळणे सगळे त्या बारीक वाहिन्यांवरच अवलंबून असते.

तपासणीत दुखरी जागा, पाणी किंवा अडकणे यांपैकी काही नसेल, लिगामेंट घट्ट असेल आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायाची मांडी दुसऱ्या पायाच्या ताकदीच्या किमान 90 टक्क्यांपर्यंत आली असेल, तर एमआरआयमध्ये ग्रेड 3 लिहिलेला असतानाही मी त्याला धावू देईन. आधी सपाट रस्त्यावर सरळ रेषेत हळू धावणे, मग 1600 मीटरचे अंतर वेळ न लावता, त्यानंतर वेळ लावून, आणि 100 मीटरची जोरदार धाव त्याहून उशिरा. प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला नसेल तरच पुढचा टप्पा. भरतीच्या मैदानी चाचणीत गादीला सर्वांत जास्त धोका 1600 मीटरच्या धावेपेक्षा गोळाफेकीत आहे, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. पाऊल जमिनीत रोवून शरीर जोराने फिरवणे हीच ती हालचाल, जिने त्याची गादी शेतात फाटली होती. म्हणून गोळाफेकीचे तंत्र फिजिओथेरपिस्टसमोर, पाऊल शरीराबरोबर वळवायला शिकूनच सुरू करावे. सरावाच्या मैदानावर शिक्षा म्हणून किंवा दम वाढवायला करून घेतात त्या उठाबशा आणि बेडूकउड्या त्याने शस्त्रक्रियेपासून वर्ष पूर्ण होईपर्यंत करू नयेत. आपण शिक्षक आहात, तेव्हा प्रशिक्षकाशी हे आपणच बोलावे. मुलगा स्वतःहून नाही म्हणणार नाही.

नवा एमआरआय मी सध्या सांगणार नाही. गुडघा पुढच्या काही महिन्यांत सुजू लागला, अडकला, किंवा सांध्याच्या रेषेवर ती बोटभर जागा दुखू लागली, तरच तो करावा; तोही 1.5 टेस्लाच्या मशीनवर, शस्त्रक्रियेचे टिपण आणि आधीच्या दोन्ही सीडी सोबत नेऊन, आणि चिठ्ठीवर ‘गादीला टाके घातलेला गुडघा, टी-2 मध्ये फटीत पाणी आहे का आणि तुकडा सरकला आहे का ते कळवावे’ असे स्पष्ट लिहून.